अडीच फुटांची गाडी आणि पाण्याची ट्रेन

12 एप्रिल 2016. तुम्ही तेव्हा कितवीत होतात? मी सातवीत होते, लातूरला. नळाला पाणी येऊन किती दिवस झाले हे मोजणंही आम्ही सोडून दिलं होतं. पाण्याच्या टाक्यांजवळ भांडणं होऊ नयेत म्हणून शहरात जमावबंदीचं 144 कलम लावलं होतं. (हे कलम दंगलीत लावतात एवढंच मला तोपर्यंत माहीत होतं.) आमच्या गल्लीत क्लासेससाठी राहणारी बाहेरगावची मुलं एकेक करून घरी निघून गेली होती. आणि त्या दिवशी पहाटे मिरजेहून पाण्याची ट्रेन आली. दहा वाघिणी, सुमारे 5 लाख लिटर पाणी. टीव्हीवाल्यांनी नुसती झुंबड केली होती.

तुम्हीही ती बातमी पाहिली असेल. ‘जलदूत’ म्हणायचे तिला. पुढे वाघिणी 50 झाल्या, एका खेपेला 25 लाख लिटर पाणी यायला लागलं, आणि पावसाळ्यात बंद होईपर्यंत या गाडीच्या शंभराहून जास्त फेऱ्या झाल्या.

तेव्हा मला एक प्रश्न पडला नव्हता. तो नऊ वर्षांनी, कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी नकाशा काढताना पडला. मिरजच का? कृष्णेचं पाणी तिथे आहे, हे झालंच. पण मिरजेपासून थेट लातूरपर्यंत, पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी करत, दुष्काळी भागातून आडवा जाणारा रेल्वेमार्ग मुळात तिथे आला कुठून? महाराष्ट्रातले बहुतेक मोठे रेल्वेमार्ग मुंबईकडून निघतात आणि मुंबईकडेच जातात. हा एक मार्ग मात्र मुंबईला जाण्याच्या भानगडीत पडत नाही.

आजीला विचारलं, तर ती म्हणाली, “अगं, ती आपली बार्शी लाईट.” जणू काही शेजारच्या काकूंचं नाव सांगावं तसं.

‘रोड’ म्हणजे गाव लांब आहे

एक छोटी गोष्ट तुमच्या लक्षात आलीय का? स्टेशनच्या नावापुढे ‘रोड’ असलं की समजायचं, उतरल्यावर अजून प्रवास बाकी आहे. नाशिक रोड, लातूर रोड. रेल्वे त्या गावाला गेलेली नसते, गावाकडे जाणाऱ्या रस्त्यापर्यंत गेलेली असते.

कुर्डुवाडी जंक्शनचं जुनं नाव होतं ‘बार्शी रोड’. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे, म्हणजे जीआयपी, मुंबईहून पुणे, सोलापूर करत मद्रासकडे निघाली. 1860 पर्यंत रूळ सोलापूरला पोचले. पण बार्शी राहिली बाजूला, जवळपास 35 किलोमीटरवर.

आज बार्शी म्हटलं की तुम्हाला भगवंताचं मंदिर आठवेल किंवा बार्शीच्या ज्वारीचा भाव. त्या काळात बार्शी ही मोठी पेठ होती. बालाघाटच्या डोंगराच्या पायथ्याशी, इंग्रजांच्या मुंबई इलाख्याच्या अगदी कडेला. पलीकडे निजामाचं राज्य. तिकडचा कापूस, गळिताचं धान्य डोंगर उतरून बार्शीत यायचं आणि बैलगाड्यांवर लादून बार्शी रोडला जायचं. पावसाळ्यात काळ्या मातीच्या रस्त्यावर गाडीचं चाक रुतलं की काय होतं, हे आपल्या भागातल्या मुलांना सांगायला नको. एकीकडे मालाने भरलेली पेठ, दुसरीकडे मुख्य रेल्वे, आणि मधे 35 किलोमीटर चिखल.

पंचवीस वर्षांचा एक साहेब

एव्हरार्ड कॅलथ्रॉप 1882 मध्ये जीआयपी रेल्वेत इंजिनांचा निरीक्षक म्हणून भारतात आला. वय 25. म्हणजे तुमच्या-माझ्यापेक्षा तीन-चार वर्षांनी मोठा. या माणसाच्या डोक्यात एकच खूळ शिरलं होतं, की मुख्य रेल्वेला जोडणाऱ्या स्वस्त, छोट्या रेल्वे बांधायच्या. मोठा मार्ग बांधायला पैसे नाहीत म्हणून गावाला रेल्वेच नाही, हे त्याला पटत नव्हतं.

आता छोटी रेल्वे म्हटलं की आपल्याला माथेरानची आठवते. डोंगरावर फिरायला जायची, फोटो काढायची. त्या काळातल्या बऱ्याच इंजिनिअरांनाही ती खेळण्यासारखीच वाटायची. अडीच फूट रुंदीच्या रुळांवर, म्हणजे 762 मिलिमीटर, असा किती माल जाणार? आजच्या ब्रॉडगेजची रुंदी आहे 1676 मिलिमीटर. अडीच फूट म्हणजे किती हे बघायचं असेल तर घरातल्या बाथरूमचं दार बघा. साधारण तेवढंच.

कॅलथ्रॉपचं उत्तर साधं होतं आणि मला ते फार आवडलं. रूळ किती अरुंद आहेत यापेक्षा रुळाच्या एकेका जागेवर किती वजन पडतं हे महत्त्वाचं. जड कपाट दोघांनी उचललं तर कंबर मोडते, सहा जणांनी उचललं तर जिनाही चढवता येतो. त्याने ठरवलं, इंजिन असो, प्रवासी डबा असो की मालाची वाघीण, कुठल्याही एका ॲक्सलवर 5 टनांपेक्षा जास्त भार पडता कामा नये. इंजिन जड हवंय? मग त्याला जास्त चाकं द्या. लीड्सच्या किटसन कंपनीने बार्शीसाठी बनवलेल्या पहिल्या पाच इंजिनांना सहा-सहा ॲक्सल होते, पुढच्या चारांना इंजिनाची ताकद जोडलेली आणि मागचे दोन नुसते भार वाहणारे.

वजन असं वाटून दिलं की रूळ हलके चालतात. एका यार्डाला 30 पौंड, म्हणजे मीटरला जेमतेम 15 किलो. आज मुख्य मार्गांवर मीटरला 60 किलोचे रूळ असतात, यावरून अंदाज घ्या. रूळ हलके म्हणजे खर्च कमी. रुंदी कमी म्हणजे वळण आवळून घेता येतं, टेकडी फोडण्याऐवजी तिला वळसा घालता येतो.

हे सगळं कागदावर ठीक. सरकारला पटवायला त्याची बरीच वर्षं गेली. शेवटी 1895 मध्ये लंडनमध्ये बार्शी लाईट रेल्वे कंपनी स्थापन झाली. गाड्या भारतात पाठवण्याआधी कॅलथ्रॉपने लीड्सजवळ तात्पुरते रूळ टाकून त्या चालवून दाखवल्या, तेही इतर इंजिनिअरांना बोलावून. म्हणजे बार्शीची गाडी बार्शीच्या आधी इंग्लंडमध्ये धावली! हे वाचलं तेव्हा मी लायब्ररीत मोठ्याने हसले आणि शेजारच्या मुलीने माझ्याकडे रागाने बघितलं.

मार्च 1897 मध्ये बार्शी रोड ते बार्शी गाडी सुरू झाली. ते वर्ष लक्षात ठेवा. 1896-97 चा दुष्काळ हा मुंबई इलाख्यातल्या भयंकर दुष्काळांपैकी एक, आणि सोलापूर जिल्हा त्यात होरपळला होता. मुंबई-पुण्यात प्लेग. अशा वर्षात ही गाडी सुरू झाली.

उपकार की धंदा?

इथे थोडं थांबते, कारण अशा लेखांत ‘इंग्रजांनी आपल्याला रेल्वे दिली’ हे वाक्य हमखास येतं. दिली वगैरे काही नाही. लंडनमध्ये भागधारक होते आणि त्यांना नफा हवा होता. मार्ग पुढे कुठे कुठे वाढला ते बघा, म्हणजे हिशेब कळतो.

1906 मध्ये गाडी पंढरपूरला गेली. का? वारी. आषाढी-कार्तिकीला लाखो माणसं जिथे स्वतःहून जातात, तिथे रेल्वे नेली तर डबे रिकामे राहण्याची भीतीच नाही. 1911 मध्ये दुसऱ्या टोकाला लातूर. का? लातूरची बाजारपेठ. लातूर तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतं, म्हणजे लंडनची कंपनी इंग्रजी मुलखातून निजामाच्या मुलखात गाडी नेत होती. आणि 1927 मध्ये पंढरपूरहून पुढे मिरज. एकूण 202 मैल, सुमारे 325 किलोमीटर. कापूस आणि विठोबा, या दोन गोष्टींवर ही कंपनी चालली असं मी म्हटलं तर इतिहासाचे सर मला ओरडतील, पण फार चुकीचं ठरणार नाही.

तरीही, धंद्यासाठी टाकलेले रूळ लोकांनी आपले करून घेतले, हेही खरंच. कंपनीला हवा होता कापूस, पण गाडीत बसली माझी आजी.

आजी बार्शीची, दिलेली लातूरला. लग्न झालं तेव्हा कंपनी उरली नव्हती, 1 जानेवारी 1954 पासून गाडी सरकारच्या मालकीची झाली होती. पण नाव कोणी बदललं नाही. लोक बार्शी लाईटच म्हणत राहिले. आजीच्या आठवणीत गाडीचं इंजिन वगैरे काही नाही, तिला आठवतो तो कोळशाचा कण. “खिडकीतून बाहेर बघितलं की डोळ्यात जायचा. नवी नवरी रडतेय असं वाटायचं लोकांना. मी रडत नव्हते, कोळसा गेला होता.” मग थोडं थांबून म्हणाली, “थोडी रडत पण होते.”

पहिल्या दिवाळीला माहेरी, बाळंतपणाला माहेरी, आईच्या आजारपणात माहेरी, सगळं त्याच गाडीने. येडशीजवळ रामलिंगच्या घाटात गाडी इतकी हळू चालायची, की पोरं उतरून, सीताफळं तोडून परत चढायची, असं ती सांगते. इथे माझ्यातल्या पत्रकाराने मान वर काढली. कारण हा किस्सा जगातल्या प्रत्येक छोट्या गाडीबद्दल सांगतात. “तू स्वतः बघितलंस?” असं विचारल्यावर आजी म्हणाली, “तुझ्या आजोबांनी तोडलेली खाल्लीत मी.” आता यावर काय बोलणार?

आषाढीचं मात्र तिने स्वतः बघितलेलं आहे. आत जागा नाही म्हणून टपावर माणसं. खाली टाळ, वर टाळ. एवढ्याशा गाडीवर एवढी माणसं, की गाडी दिसायचीच नाही, नुसती माणसंच पुढे सरकतायत असं वाटायचं.

त्या साहेबाचं पुढे काय झालं

कॅलथ्रॉपची गोष्ट अर्धी सोडवत नाही. बार्शीच्या यशानंतर त्याला इंग्लंडमध्येच अशी एक रेल्वे बांधायला मिळाली, लीक अँड मॅनिफोल्ड व्हॅली लाईट रेल्वे. 1904 मध्ये सुरू झाली, रुंदी तीच अडीच फूट. त्या इंजिनांना समोर भलेमोठे दिवे बसवले होते, भारतातल्या इंजिनांना असायचे तसे. स्टॅफर्डशायरच्या हिरव्या दरीत त्या दिव्यांचा काहीही उपयोग नव्हता, पण होते. थोडक्यात, नेहमी आपण म्हणतो की इंग्लंडची वस्तू भारतात आली. इथे बार्शीची वस्तू इंग्लंडला गेली.

मग गडी विमानांकडे वळला. 1910 मध्ये त्याचा मित्र चार्ल्स रोल्स (होय, रोल्स-रॉइसमधला रोल्स) विमान कोसळून मेला. त्यानंतर कॅलथ्रॉपने वैमानिकांसाठी पॅराशूट बनवण्याचा ध्यास घेतला. त्याच्या पॅराशूटचं नाव होतं ‘गार्डियन एंजल’. पहिल्या महायुद्धात ते उपलब्ध होतं, पण ब्रिटिश वैमानिकांना ते वेळेवर दिलं गेलं नाही, आणि पेटलेल्या विमानांतून उडी मारता न आल्याने कितीतरी तरुण पोरं मेली. अरबी घोडे पाळणं हा त्याचा तिसरा उद्योग. 1927 मध्ये तो वारला. त्याच वर्षी बार्शी लाईट मिरजेला पोचली.

त्याच्या इंग्लंडमधल्या रेल्वेचं पुढे काय झालं? 1934 मध्ये बंद पडली. पण रूळ काढलेल्या त्या मार्गावर त्यांनी पायवाट केली. आज लोक तिथे चालायला आणि सायकल चालवायला जातात. ती लाईन होती फक्त 13 किलोमीटरची.

आपली होती 325.

रूळ रुंद झाले

बार्शी लाईट बंद पडली असं म्हणणं बरोबर नाही. ती रुंद झाली. 2001 च्या सुमाराला कुर्डुवाडी-पंढरपूर ब्रॉडगेज झाला. 2008 मध्ये लातूर-कुर्डुवाडी पूर्ण झाला, आणि त्यानंतर दोन-तीन वर्षांत पंढरपूर-मिरज. मधल्या काळात लोकांनी गेज बदलण्यासाठी निवेदनं दिली, आंदोलनं केली, आणि का करू नयेत? छोट्या गाडीचा माल कुर्डुवाडीला उतरवून मोठ्या गाडीत भरावा लागायचा. प्रत्येक पोतं दोनदा उचलायचं. लातूरच्या माणसाला मुंबईला जायचं तर आधी हळूहळू कुर्डुवाडी, मग वाट बघा. आज आपण रात्री लातूर-मुंबई एक्स्प्रेसमध्ये झोपतो आणि सकाळी उठतो. छोट्या गाडीच्या आठवणीने गळा काढणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांनी तिने रोज प्रवास केलेला नसतो. (मीही त्यातलीच.)

रुंद करताना मार्ग थोडा बदलला. जुन्या गाडीने उस्मानाबाद, म्हणजे आताचं धाराशिव, बाजूला सोडलं होतं. जिल्ह्याचं ठिकाण, आणि रेल्वे नाही! नवा मार्ग तिकडे वळवला गेला. म्हणजे जी चूक जीआयपीने बार्शीच्या बाबतीत केली, तीच बार्शी लाईटने धाराशिवच्या बाबतीत केली होती, आणि ती दुरुस्त व्हायला जवळपास शंभर वर्षं लागली.

मग आली 2016 ची पाण्याची ट्रेन. विचार करा, गेज बदललं नसतं तर? ब्रॉडगेजच्या टँकर वाघिणी कुर्डुवाडीच्या पुढे एक इंचही सरकल्या नसत्या. पण त्याहून आधीचा प्रश्न, 1927 मध्ये कोणी पंढरपूर-मिरज रूळच टाकले नसते तर? रुंद करायला तरी काय होतं? कृष्णेकाठच्या मिरजेला लातूरशी जोडायचं कारण तेव्हा पाणी नव्हतं. कापूस, धान्य, वारकरी, तिकिटाचा नफा, जे काही होतं ते. दुष्काळाच्या वर्षात सुरू झालेल्या रेल्वेच्या वाटेवरून 119 वर्षांनी दुष्काळातच पाणी आलं, आणि ही वाट आखणाऱ्यांच्या हिशेबात ते कुठेच नव्हतं.

मला ही गोष्ट कौतुकाने सांगावी की लाजेने, हे अजून नीट कळलेलं नाही. कारण ट्रेन आली तेव्हा आम्ही टाळ्या वाजवल्या, आणि लाखोंच्या शहराला साडेतीनशे किलोमीटरवरून पाणी का आणावं लागलं, हा प्रश्न पुढच्या पावसाबरोबर वाहून गेला. लातूरला आज कुणालाही विचारा, पाण्याची ट्रेन आठवते. ट्रेनची गरज का पडली याचं उत्तर प्रत्येकाचं वेगळं.

शोधायला गेले तर

प्रोजेक्टसाठी जुने फोटो, वेळापत्रकं शोधत फिरले. एका ग्रंथालयात कपाट होतं, कपाटात फाइल असल्याचं रजिस्टरमध्ये लिहिलेलं होतं, कपाटाची किल्ली नव्हती. दोनदा गेले. दुसऱ्यांदा किल्ली ज्यांच्याकडे असते ते रजेवर होते.

सगळंच निराशेचं नाही. कुर्डुवाडीचा रेल्वे वर्कशॉप अजून चालू आहे. छोट्या गाडीच्या दुरुस्तीचं कसब त्या गावात असं मुरलंय, की माथेरानच्या गाडीचे डबे मोठ्या दुरुस्तीसाठी तिथे येतात. आणि येडशीच्या बाजूला, जिथे नवा मार्ग जुन्यापासून सुटतो, तिथे शेतांमधून मातीचा एक भराव जाताना दिसतो. बांध म्हणावा तर फार उंच, रस्ता म्हणावा तर फार अरुंद. त्यावर शेळ्या चरत होत्या. मी त्यावर उभं राहून दोन्ही हात पसरले तर हात दोन्ही रुळांच्या बाहेर गेले असते. एवढीच ती रुंदी. त्यावरून गाठी गेल्या, पोती गेली, टाळ-मृदंग गेले, नव्या नवऱ्या गेल्या.

तुम्हाला हा मार्ग बघायचा असेल तर रात्रीची गाडी काही कामाची नाही. दिवसा जाणारी पॅसेंजर धरा. लातूर ते कुर्डुवाडी, जमलं तर पुढे पंढरपूर. खिडकीशी बसा आणि मोबाइलवर सॅटेलाइट नकाशा उघडून ठेवा. जिथे मार्ग उगाच वळसा घालतोय असं वाटेल तिथे वाकून बाहेर बघा, बहुधा टेकडी असते. आणि घरात साठीच्या पुढचं कोणी त्या भागातलं असेल तर त्यांना सोबत न्या, कारण नकाशात जे नाही ते त्यांना माहीत असतं.

कार्तिकीची गर्दी ओसरली की मी आजीला घेऊन पंढरपूरला निघालेय. ती बार्शी लाईट गेल्यापासून रेल्वेत बसलेली नाही. तिने एकच विचारलंय, आता कोळसा नसतो ना. नसतो म्हटलं. “मग खिडकी माझी,” ती म्हणाली.